कार्नेशन : ऋतू नसलेल्या फुलाचे सौंदर्यशास्त्र

टेंभी नाका हे ठाण्यातले असे ठिकाण आहे, की फुलांचे जवळजवळ सगळे उपयोग तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत पाहायला मिळतात. नाक्याजवळ बेने इस्रायली समाजाचे १८७९ साली बांधलेले सिनेगॉग आहे. या समाजाच्या मलिद्याच्या ताटात गोड पोहे आणि फळे यांच्याबरोबर फूलही असते. जवळच पारशांची अग्यारी आहे. जांभळी नाक्याकडे उतरले की कौपिनेश्वराच्या देवळाबाहेर बेल, धोत्रा आणि पांढऱ्या फुलांच्या परड्या दिसतात. मासुंदा तळ्याच्या बाजूला पोर्तुगीज काळात मूळ असलेले सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, तिथे वेदीजवळच्या फुलदाण्यांत लांब दांड्यांची फुले असतात. आणि वर्षातून एकदा, आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवात, सगळा नाकाच फुलांखाली जातो.

या परिसरात राहणारी वाचक आणि समीक्षेची अभ्यासक म्हणून मला गेली काही वर्षे एका फुलाने अडवून धरले आहे. ते फूल म्हणजे कार्नेशन. कातरलेल्या कडांच्या, चुणीदार पाकळ्यांचे, निळसर हिरव्या दांड्याचे हे फूल आता या सगळ्या ठिकाणी असते. मंडपाच्या कमानीत ते असते, लग्नाच्या स्टेजमागच्या भिंतीत असते, गडकरी रंगायतनात सत्कारमूर्तीच्या हातात दिल्या जाणाऱ्या पुष्पगुच्छात असते. म्हणजे आपण ते रोज पाहतो. पण कार्नेशन ओंजळीत घेऊन कोणी देवापुढे उभे राहत नाही, त्याची वेणी कोणी माळत नाही, त्याच्यावरून मुलीचे नाव ठेवत नाही. मराठी कवितेतल्या फुलांची यादी करायला बसले, की मोगरा, जाई, जुई, चाफा, बकुळ, प्राजक्त, शेवंती, केवडा अशी नावे आपोआप येतात. कार्नेशनला त्या यादीत जागा नाही. फुलवाल्यापाशीसुद्धा त्याला मराठी नाव नाही. इतके डोळ्यांसमोर असलेले फूल भाषेच्या इतके बाहेर का राहावे, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न एका फुलाचा असला, तरी त्याचे उत्तर शोधताना आपल्या सौंदर्यविचाराची एक बाजू उघडी पडते, असे माझे म्हणणे आहे.

परके म्हणून परके?

पहिले उत्तर तोंडाशी येते ते असे, की हे फूल परदेशी आहे, म्हणून ते आपल्या भाषेत रुजले नाही. हे उत्तर टिकत नाही. दसऱ्याला ज्याच्या तोरणाशिवाय मराठी घराचे दार ओकेबोके वाटते, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. सोळाव्या शतकानंतर युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर तो इकडे आला. निशिगंध, ज्याला बाजार गुलछडी म्हणतो, तोही मेक्सिकोचाच. देवळाच्या आवारात हमखास दिसणारा खुरचाफा अमेरिकेतला, संध्याकाळी उमलणारी गुलबक्षीही तिकडचीच. यांतले एकही फूल आज कोणाला परके वाटत नाही. उलट निशिगंधाचे नाव इतके अस्सल वाटते, की ते संस्कृत काव्यातून आले असावे असा भास व्हावा. बटाटा, पाव, चावी, पगार, बादली हे पोर्तुगीज शब्द मराठीने ज्या सहजतेने पचवले, त्याच सहजतेने ही फुलेही पचवली. तेव्हा परकेपणा हे कारण नव्हे.

दुसरे उत्तर वासाचे. आपल्याकडे फुलाची ओळख नाकाने होते, रूप त्यानंतर. बाजारातल्या आजच्या कार्नेशनला वास जवळजवळ नसतो. पण ही त्या फुलाची मूळ प्रकृती नव्हे. डायान्थस कॅरिओफायलस हे त्याचे शास्त्रीय नाव. डायान्थस म्हणजे झ्यूस देवाचे फूल. थिओफ्रास्टसने ग्रीकमध्ये वापरलेल्या शब्दावरून ते आले. कॅरिओफायलस हा शब्द मात्र लवंगेचा आहे, कारण जुन्या कार्नेशनला लवंगेसारखा तिखट-गोड वास असे, आणि दोन्हींच्या वासामागे युजेनॉल हे एकच द्रव्य आहे. भाषांनी ही ओळख पक्की धरून ठेवली. अरबीत करनफुल म्हणजे लवंग आणि कार्नेशनही. तुर्कीत करनफिल हाच शब्द दोन्हींना चालतो. फारसीतला मीखक म्हणजे छोटा खिळा. लवंगेचा आकार खिळ्यासारखा, म्हणून तो शब्द लवंगेला लागला आणि तिच्या वासावरून फुलालाही. पोर्तुगीज भाषेत कार्नेशनला क्रावू म्हणतात, आणि लवंगेला ‘क्रावू-दा-इंदिया’, म्हणजे हिंदुस्थानचा क्रावू. ज्या मसाल्यासाठी त्यांची जहाजे हिंदी महासागरात आली, त्याचे नाव त्यांच्या अंगणातल्या फुलाला चिकटलेले होते. पोर्तुगीज अमलातल्या ठाण्यात लवंगही होती आणि क्रावू हा शब्दही होता. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्या अमलाच्या खुणा आपल्या बोलण्यात उरल्या, क्रावू मात्र उरला नाही.

पुढे युरोप-अमेरिकेतल्या उत्पादकांनी या फुलाची पैदास वाढवत नेली ती दांड्याची लांबी, पाकळ्यांची संख्या, रंग आणि टिकाऊपणा यांसाठी. या निवडीत वास मागे पडला. म्हणजे आपल्याला जे कार्नेशन मिळाले, ते आधीच आपल्या नाकासाठी मुके झालेले होते.

तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपली फुले दांड्याची नसतात. मोगरा देठापाशी खुडला जातो, झेंडूचे फूल सुईत ओवले जाते, प्राजक्त तर जमिनीवरून वेचायचा असतो. ओंजळ, परडी, गजरा, वेणी, हार, तोरण ही आपली फुले हाताळण्याची रीत. कार्नेशनची किंमत त्याच्या दांड्यावर ठरते. ते उभे धरायचे असते, फुलदाणीत ठेवायचे असते, एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचे असते. आपल्याकडे ही रीत आली ती सत्कारसमारंभातून. सत्काराच्या गुच्छाचे आयुष्य किती असते, हे ठाण्यातल्या कोणत्याही साहित्यिक कार्यक्रमानंतर रिकाम्या खुर्च्यांवर नजर टाकली तरी कळते. हातांनी काही करण्याआधीच जे फूल संपते, त्याला भाषा कुठून मिळणार?

आणि चौथे कारण ऋतूचे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. मराठी निसर्गलेखनाची घडण त्या पुस्तकाने ठरवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. त्या पुस्तकात प्रत्येक झाड, प्रत्येक फूल एका महिन्याचे आहे. शरदिनी डहाणूकरांनी ‘फुलवा’सारख्या पुस्तकांतून त्या परंपरेला वनस्पतींच्या बारीक ओळखीची जोड दिली. या लेखनाचा मोठेपणा वादातीत आहे. पण त्याची एक अट आहे: फूल उघड्या आकाशाखालचे असले पाहिजे, त्याला महिना असला पाहिजे. कार्नेशनला महिना नाही. पॉलीहाऊसमध्ये ते आषाढातही उमलते आणि माघातही. ऋतूच्या गद्यात त्याला शिरायला दारच नाही.

अर्थाचा तक्ता आणि अर्थाची कृती

भाषेने अर्थ दिला नाही, म्हणून बाजाराने दिला. भेटवस्तूंच्या दुकानांत आणि पुष्पगुच्छांच्या जाहिरातींत फुलांच्या अर्थाचे तक्ते फिरत असतात: लाल कार्नेशन म्हणजे प्रेम आणि कौतुक, पांढरे म्हणजे निर्मळ माया, पिवळे म्हणजे नकार. हे तक्ते एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातून आलेले आहेत. शार्लोत द लातूर या नावाने १८१९ साली फ्रान्समध्ये फुलांच्या भाषेवरचे पुस्तक निघाले आणि पुढे शतकभर अशा कोशांची लाट आली. समीक्षेच्या दृष्टीने हे तक्ते फसवे आहेत. त्यांनी अर्थ हा रंगाचा गुणधर्म मानला आहे. साखर गोड असते तसे पिवळे कार्नेशन नकारात्मक असते, असा त्यांचा सूर असतो. फुलाला अर्थ असा चिकटलेला नसतो. तो कोणीतरी काहीतरी केल्याने येतो. कार्नेशनच्याच इतिहासातली तीन उदाहरणे घेऊ.

१८९२ सालच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये ऑस्कर वाइल्डच्या ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्या रात्री वाइल्ड आणि त्याच्या काही मित्रांच्या कोटावर हिरवे कार्नेशन होते. निसर्गात असे फूल नव्हते. पांढरे फूल रंगाच्या पाण्यात ठेवून ते हिरवे केले जाई. ज्या समाजात वाइल्डच्या प्रेमाला नैसर्गिक म्हणायला कोणी तयार नव्हते, तिथे त्याने उघडउघड कृत्रिम फूल छातीवर मिरवले. तो अर्थ हिरव्या रंगात नव्हता, तो मिरवण्यात होता.

१० मे १९०८ रोजी अमेरिकेतल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये अॅना जार्विसने पाचशे पांढरी कार्नेशन पाठवली, कारण ते तिच्या आईचे आवडते फूल होते. मातृदिनाची सुरुवात इथून झाली. पुढे फूलविक्रेत्यांनी त्या दिवसाचा धंदा केला, तेव्हा हीच बाई त्यांच्याविरुद्ध उभी राहिली आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत लढत राहिली. तिची कृती बाजाराने तक्त्यात बसवली होती, हे तिला इतरांच्या आधी कळले.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे, कारण त्याचा धागा गोव्यापर्यंत येतो. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी सालाझारने उभारलेली राजवट उलथवली. त्या सकाळी सेलेस्त कायेरू ही उपाहारगृहात काम करणारी बाई कामावर पोहोचली. उपाहारगृहाचा पहिला वाढदिवस होता, गिऱ्हाइकांना देण्यासाठी कार्नेशन आणलेली होती. बंडाची बातमी आल्यामुळे ते उघडणार नव्हते, म्हणून कामगारांना फुले घरी न्यायला सांगितले गेले. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. सिगारेट नव्हती, म्हणून तिने त्याला फूल दिले, आणि त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचले. मग तिने उरलेली फुले वाटून टाकली, इतरांनी आणखी आणली. त्या उठावाला आज जग कार्नेशन क्रांती म्हणते. एप्रिल हा हंगाम असल्याने फूल मुबलक होते, म्हणून ते तिच्या हातात होते. युरोपातल्या समाजवादी चळवळींत लाल कार्नेशन मे दिनाचे फूल म्हणून पूर्वीपासून होते, हे खरे. पण लिस्बनच्या त्या सकाळचा अर्थ कोणत्याही तक्त्यातून आलेला नाही.

या क्रांतीचा मराठी वाचकाशी असलेला संबंध आपण पुरेसा लक्षात ठेवलेला नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण लिस्बनच्या राजवटीने ते मान्य केले नव्हते. ती राजवट गेल्यावरच, १९७४ च्या अखेरीस, भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन ते मान्य झाले. सांगलीचे मोहन रानडे गोवामुक्तीच्या लढ्यात पकडले गेले, आणि गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ च्या जानेवारीपर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी केलेली धडपड महाराष्ट्राला ठाऊक आहे. लिस्बनजवळच्या ज्या काशियासच्या तुरुंगात रानडे होते, त्याच तुरुंगाचे दरवाजे कार्नेशन क्रांतीनंतरच्या दोन दिवसांत तिथल्या राजकीय कैद्यांसाठी उघडले. म्हणजे या फुलाला मराठीत अर्थ मिळण्याची एक वाट होती. आपण ती चाललो नाही, एवढेच.

कांटचे फूल आणि प्लास्टिकचे फूल

योगायोग असा, की त्याच १९७४ साली रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ प्रसिद्ध झाली. या ग्रंथात कांटच्या सौंदर्यविचाराचे सविस्तर विवेचन आहे. फूल हे कांटचे आवडते उदाहरण. त्याच्या १७९० सालच्या ग्रंथात त्याने फुलांना स्वतंत्र सौंदर्याचा नमुना मानले. फूल काय काम करते हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असते, पण ते सुंदर आहे असे म्हणताना तोही त्या कामाचा विचार करत नाही, असा त्याचा मुद्दा आहे. सुंदर म्हणण्यासाठी उपयोग, संकल्पना, धर्म यांपैकी कशाचीच गरज नाही.

हा विचार मराठी संदर्भात तपासायला कार्नेशनइतके सोयीचे फूल दुसरे नाही. मोगऱ्याकडे पाहताना आपण मोकळे नसतो. आजीचा गजरा, लग्नघर, उन्हाळ्याची संध्याकाळ सगळे त्या वासाबरोबर येते. झेंडूबरोबर दसरा येतो. कार्नेशनबरोबर काहीच येत नाही. वास नाही, दैवत नाही, कथा नाही, महिना नाही. उरतो तो फक्त आकार: काठावर कातरलेल्या पाकळ्या, एकीवर एक बसलेल्या, मध्याकडे गच्च आणि कडेला सैल. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये सौंदर्याचे नियम सांगितले ते संवाद, विरोध आणि समतोल हे. ते या फुलाला नेमके लागू पडतात. एकाच प्रकारच्या चुण्यांचा संवाद, गच्च मध्याचा आणि सैल काठाचा विरोध, आणि सरळ दांड्यावर तोललेले त्याचे वजन. सौंदर्य लौकिकाहून वेगळे आहे असे मानणाऱ्या समीक्षकाने मराठी फुलांतून एक निवडायचे ठरवले, तर त्याने कार्नेशनच निवडावे.

पण मग एक अडचण येते, आणि ती पुस्तकातली नाही, रस्त्यावरची आहे. कार्नेशनची सर्वांत चांगली नक्कल होते. मोगऱ्याची नक्कल वासापाशी फसते. कार्नेशनला वास नसल्याने, आणि त्याची पाकळी मुळातच कापडाच्या चुणीसारखी असल्याने, मंडपातले कोणते फूल खरे आणि कोणते कापडाचे किंवा प्लास्टिकचे, हे चार हातांवरून सांगता येत नाही. सजावटकाराला नकली फूल परवडते. ते धुऊन पुन्हा वापरता येते. प्लास्टिकच्या फुलांवर बंदी यावी ही फूल उत्पादकांची मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. त्या मागणीमागे अनेक घरांचा प्रपंच आहे.

आता सौंदर्यशास्त्राला प्रश्न विचारू. सौंदर्य जर फक्त आकाराच्या संघटनेत असेल, तर खऱ्या आणि प्लास्टिकच्या कार्नेशनमध्ये फरक कोणता? दोन्हींत संवाद आहे, विरोध आहे, समतोल आहे. शुद्ध आकारवादाकडे या प्रश्नाला उत्तर नाही. कांटला मात्र ही अडचण दिसली होती. त्याच ग्रंथात पुढे तो म्हणतो, की निसर्गावर प्रेम करणाऱ्या माणसाला फसवून कोणी जमिनीत कृत्रिम फुले खोचून ठेवली आणि नंतर ती फसवणूक उघड झाली, तर त्या फुलांबद्दलचे त्याचे कुतूहल तिथल्या तिथे विझेल. कारण त्याला आवडत होते ते केवळ रूप नव्हते. हे रूप निसर्गाने घडवले, ही जाणीव त्या आवडण्यात होती. सौंदर्याच्या संकल्पनेत दोन ध्रुव आहेत, एक लौकिकापासून तुटलेला आणि एक लौकिकात रुतलेला, असे जे पाटणकरांनी मांडले, त्याची साक्ष खुद्द कांटच्या या दोन परिच्छेदांत मिळते.

तरीही कांटचे उत्तर आजच्या कार्नेशनला पुरत नाही. कारण नाक्यावर येणारे कार्नेशन ‘निसर्गाने’ घडवलेले नाही. ते कसे घडते, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

खुडलेल्या कळ्या

ठाण्याच्या दमट उष्म्यात कार्नेशन होत नाही. त्याला दिवसा सोळा ते वीस अंश आणि रात्री दहा-बारा अंशांच्या आसपासचे हवामान मानवते. म्हणून देशात ते निलगिरीत, कोडाईकनालला, हिमाचलात सोलनच्या बाजूला होते, आणि महाराष्ट्रात पुणे, सातारा, नाशिक जिल्ह्यांतल्या थंड पट्ट्यांत. मावळात तळेगावजवळ औद्योगिक विकास महामंडळाचे फुलशेतीचे क्षेत्र आहे. तिथे गुलाब आणि जरबेरा मुख्य, कार्नेशन त्यांच्या मानाने थोडे. तळेगावलाच सुगी-पश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, जिथे शेतकरी पॉलीहाऊसचे प्रशिक्षण घेतात. दादरच्या फूलबाजारातून किंवा कल्याणच्या बाजार समितीतून पहाटे निघणाऱ्या टेम्पोतल्या खोक्यांचा प्रवास अशा ठिकाणांहून सुरू झालेला असतो.

कार्नेशन बियांपासून लावत नाहीत. मुळे फुटलेल्या छाटकलमांपासून लावतात, आणि या जाती बहुतेक परदेशी पैदासकारांच्या मालकीच्या असल्याने रोपामागे स्वामित्वशुल्क द्यावे लागते. माती निर्जंतुक करून उंच गादीवाफे करतात, वर ठिबकच्या नळ्या. रोप पाच-सहा पेरांचे झाले की शेंडा खुडतात, म्हणजे बाजूचे फुटवे निघतात. दांडा सरळ राहावा म्हणून वाफ्यावर चार-पाच थरांत जाळ्या ताणतात. रोप वाढेल तसे प्रत्येक दांडा जाळीच्या चौकोनात नेमका बसवावा लागतो. मग कळ्या येतात. एका दांड्यावर एकच मोठे फूल हवे असेल, तर शेंड्याची कळी ठेवून बाजूच्या सगळ्या कळ्या खुडतात. दांड्यावर फुलांचा झुपका हवा असेल, तर उलट करतात: शेंड्याची कळी खुडतात आणि बाजूच्या राहू देतात. हे काम रोज करावे लागते, नखाने, देठाला इजा न होता, आणि ते बहुतेक ठिकाणी बायका करतात. दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक पडला की फुलाखालचा हिरवा पेला फाटतो आणि पाकळ्या एका बाजूला ओघळतात. असे फूल प्रतवारीत खाली जाते. म्हणून काही ठिकाणी उमलण्याआधी कळीला रबराचे बारीक कडे चढवतात. लागवडीनंतर चार-पाच महिन्यांनी पहिले फूल येते आणि पीक साधारण दोन वर्षे ठेवतात. पाकळ्या रंगाच्या कुंचल्याएवढ्या बाहेर आल्या की तोडणी होते, वीस-वीस दांड्यांच्या जुड्या बांधतात. पिकणाऱ्या फळांजवळ ते ठेवत नाहीत, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या आत मिटतात आणि फूल झोपल्यासारखे होते.

मंडपातल्या एका कमानीत जितकी फुले दिसतात, त्याच्या कितीतरी पट कळ्या त्या कमानीपर्यंत पोहोचू नयेत म्हणून कोणीतरी खुडलेल्या असतात. फुलाच्या पाकळ्यांत जो समतोल मर्ढेकरांच्या नियमाने वाचता येतो, तो निम्मा वनस्पतीचा आहे आणि निम्मा त्या खुडणाऱ्या बोटांचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लग्ने आणि देवळे बंद झाली, तेव्हा उत्पादकांना उमललेली फुले खड्ड्यात टाकावी लागली. फुलाचे रूप त्या दिवशीही तितकेच निर्दोष होते. पण ते देण्यासाठी कोणाचा हात नव्हता आणि घेण्यासाठीही नव्हता.

म्हणून कांटच्या वाक्यात मला एक बदल करावासा वाटतो. नकली फूल उघडे पडल्यावर आपले मन विझते, ते केवळ निसर्ग तिथे नाही म्हणून नव्हे. जिवंत वस्तूला घडवताना माणसाने दिलेले लक्ष तिथे नाही, म्हणूनही. प्लास्टिकच्या फुलामागेही श्रम आहेत, कोणत्यातरी कारखान्यातले. पण साच्यातून निघालेली हजार फुले एकसारखीच निघतात. पॉलीहाऊसमधल्या बाईला प्रत्येक दांडा वेगळा पाहावा लागतो, कारण प्रत्येक दांडा वेगळा वागतो. जिवंत वस्तू बिघडू शकते, सुकू शकते, पेला फाटू शकतो. तिला सांभाळावे लागते. ही सांभाळण्याची गोष्ट फुलाच्या सौंदर्याबाहेरची नाही, सौंदर्याच्या आतली आहे.

माळ्याच्या घरातून

ही दृष्टी मराठीला नवी नाही, फक्त आपण ती फुलांच्या संदर्भात वापरलेली नाही. आधुनिक मराठी विचाराची सुरुवात ज्या घरातून झाली, ते घर फुलांच्या धंद्यातले होते. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या कामामुळे ते फुले झाले. सावित्रीबाईंचा पहिला कवितासंग्रह १८५४ साली आला, त्याचे नाव ‘काव्यफुले’, आणि त्यात चाफा, जाई, गुलाब यांच्यावर कविता आहेत. या कवितांचा विचार आपण सामाजिक सुधारणेच्या इतिहासात करतो, निसर्गकवितेच्या इतिहासात सहसा करत नाही. मला हा फरक सूचक वाटतो. फुले विकणाऱ्या, फुले पिकवणाऱ्या समाजातल्या बाईने फुलावर लिहिले, तर ते सामाजिक. बागेत फिरायला गेलेल्याने लिहिले, तर ते सौंदर्याचे. ज्याच्या हातात खुरपे आहे त्याला फूल सुंदर दिसत नाही, असे आपण न बोलता गृहीत धरले आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ने १९९६ साली सौंदर्य कोणाचे, हा प्रश्न मराठी समीक्षेपुढे थेट ठेवला. त्या प्रश्नाचा परिणाम कथा-कादंबरीच्या समीक्षेवर झाला, निसर्गलेखनाच्या समीक्षेवर फारसा झाला नाही. तिथे अजून ऋतूच राज्य करतो. ऋतूचे गद्य टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. ‘ऋतुचक्र’ न वाचता मला माझ्याच शहरातली झाडे दिसली नसती. पण पॉलीहाऊसचा प्लास्टिकचा कागद ज्या फुलाच्या आणि आकाशाच्या मध्ये आला आहे, त्याच्यासाठी वेगळे गद्य लागेल. त्या गद्यात तापमान असेल, कर्जाचा हप्ता असेल, दर ठरवणारी लग्नसराई असेल, आणि नखाखाली हिरवा डाग पडलेले बोटही असेल. असे गद्य फुलाचे सौंदर्य कमी करेल, ही भीती मला पटत नाही. शेंड्याची कळी ठेवायची की बाजूच्या, हे ठरवणाऱ्या बाईला फुलाचे रूप आपल्या कोणाहीपेक्षा आधी दिसते. ते तिला कळीच्या आत दिसते.

कार्नेशनला मराठी नाव नाही, असे मी वर म्हटले. लवंगफूल हे नाव देणे सोपे आहे; अरब, तुर्क, पोर्तुगीज या सगळ्यांनी तेच केले. पण शब्दकोशातून दिलेले नाव आणि तक्त्यातून दिलेला अर्थ यांत फार फरक नाही. झेंडूला मराठी कोणी ठरवून केले नाही. शेतकऱ्याच्या बांधावर तो वाढला, दसऱ्याच्या आदल्या रात्री बायकांनी तो आंब्याच्या पानांबरोबर ओवला, आणि एवढ्या हातांतून गेल्यावर तो आपला झाला. कार्नेशनही आज कमी हातांतून जात नाही. मावळातली कळ्या खुडणारी, कल्याणच्या बाजारात खोके उतरवणारा, पहाटे तीन वाजता मंडपाच्या शिडीवर उभा राहून कमान भरणारा, अशी त्याची रांग लांब आहे. त्या रांगेतल्या कोणीतरी लिहिले, किंवा आपल्यापैकी कोणी त्यांना नीट विचारून लिहिले, तर या फुलाला नावही मिळेल. तोवर समीक्षेने एवढे करावे: फुलावरचे पुढचे मराठी पान वाचताना, फूल कोणत्या महिन्याचे याबरोबर ते कोणाच्या हातचे, हेही विचारावे.